सार्वजनिक बांधकामात बीआयएम आणि लीन: पहिला प्रकल्प हातात घेणाऱ्यांसाठी

बीमच्या तळापासून फॉल्स सीलिंगच्या रेषेपर्यंत जागा होती ३१० मिलिमीटर. डक्टची उंची ३५० मिलिमीटर, वर इन्सुलेशनचा थर वेगळा. फोरमन शिडीवर उभा राहून पुन्हा पुन्हा टेप लावत होता आणि खाली आम्ही तिघं तीन ड्रॉइंग उलगडून बघत होतो. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये सीलिंग बरोबर होतं, स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगमध्ये बीम बरोबर होता, एसीच्या ड्रॉइंगमध्ये डक्ट बरोबर होता. तिन्हींवर सह्या होत्या. स्लॅब ओतून दीड महिना झाला होता.

काम सार्वजनिक असलं की अशी अडचण लगेच कागदावर जाते. सीलिंग खाली घ्यायचं तर कॉरिडॉरची किमान उंची राहते का ते तपासा. डक्ट चपटा आणि रुंद करायचा तर शेजारच्या केबल ट्रेला जागा उरत नाही. वाढीव कामाची मंजुरी घ्यायची तर फाइल चार टेबलं फिरून येणार. तोवर सीलिंगवाला, इलेक्ट्रिशियन आणि रंगारी यांची माणसं दुसऱ्या साइटवर निघून गेली. पैसा जनतेचा, इमारत जनतेची, आणि दोन्ही एका ४० मिलिमीटरच्या फरकापायी अडकून पडलेली.

त्या कॉरिडॉरनंतर मी बीआयएम, म्हणजे इमारतीचं माहितीसकट संगणकी मॉडेल करण्याची पद्धत, शिकायला घेतलं. पुढच्या कामावर आमच्याकडे देखणं मॉडेल होतं, तरीही कामं अडतच राहिली. तेव्हा कळलं की मॉडेल अडचण दाखवतं, पण ती कोण आणि कधीपर्यंत सोडवणार हे काही ते ठरवत नाही. त्यासाठी लीन, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि श्रम टाळून काम पुढे सरकत ठेवण्याची पद्धत लागते. साइटवर उद्या पडणारा प्रश्न आज टेबलावर आणायचा, एवढ्यासाठीच या दोन्ही गोष्टी आहेत. पुढच्या प्रत्येक पायरीवर हीच कसोटी लावून बघा.

दोन शब्दांची ओळख

बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. बैठकीत ही अक्षरं सुटी उच्चारा, नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आपण तुळईबद्दल बोलतोय असं वाटतं. साध्या ड्रॉइंगमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. मॉडेलमधल्या भिंतीला मात्र स्वतःची जाडी माहीत असते, ती कशाची आहे, कोणत्या मजल्यावर आहे, आगीसमोर किती वेळ टिकायला हवी हेही माहीत असतं. प्लॅन, सेक्शन आणि परिमाणं एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे एक बदललं की बाकीची बदलतात.

लीनचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात आहे. ताइइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, वाहतूक, नको इतकी प्रक्रिया, साठा, विनाकारण हालचाल आणि दोष. १९९२ मध्ये लौरी कोस्केला यांनी स्टॅनफर्डमधल्या एका अहवालात हा विचार बांधकामाला लावून पाहिला. आपण बांधकामाकडे सुट्या कामांची यादी म्हणून बघतो आणि एका कामाकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रवाह विसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी साइटवर जाऊन मोजलं, तेव्हा आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी सरासरी सुमारे ५४ टक्केच ठरल्याप्रमाणे पूर्ण होत होती. म्हणजे जवळजवळ अर्धी कामं चुकत होती, आणि त्याला मजुरांचा आळस कारणीभूत नव्हता. जे काम करण्याजोगं झालेलंच नाही ते वाटून दिलं जात होतं. हा आकडा लक्षात ठेवा, सहाव्या पायरीवर लागेल.

पायरी १: सॉफ्टवेअरआधी प्रश्न लिहून काढा

नवखे बहुतेक जण 'कोणतं सॉफ्टवेअर घेऊ' इथून सुरुवात करतात. त्याऐवजी इमारत ताब्यात आल्यावर जो माणूस ती सांभाळणार आहे त्याच्याजवळ तासभर बसा. मी एकदा देखभाल विभागातल्या एका जुन्या इंजिनिअरला विचारलं, "तुम्हाला मॉडेलमधून काय हवंय?" ते म्हणाले, "पंप बंद पडला की त्याचा मॉडेल क्रमांक, वॉरंटीची तारीख, आणि कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा. आणि त्या व्हॉल्व्हपर्यंत माझा हात पोचला पाहिजे." चकचकीत त्रिमितीय चित्राचा त्यांनी विषयही काढला नाही.

अशा उत्तरांतून माहितीच्या गरजांची यादी तयार होते. बीआयएममधल्या माहितीच्या व्यवस्थापनासाठीच्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले, त्यांतही क्रम हाच आहे: आधी संस्थेला काय माहिती हवी, मग त्या इमारतीसाठी काय हवी, आणि त्यावरून प्रत्येक सल्लागाराने व ठेकेदाराने कोणत्या टप्प्यावर काय द्यायचं. पहिल्या प्रकल्पात मॉडेलचे तीन-चार उपयोगच निवडा. माझी निवड विचाराल तर समन्वय, परिमाणं, कामाचा क्रम आणि देखभालीची माहिती. ऊर्जेचं विश्लेषण, आभासी फेरफटका वगैरे पुढच्या वेळी.

किती तपशील हवा हेही इथेच ठरवा. दाराची बिजागरी मॉडेल करायची गरज नाही, पण दार कोणत्या दिशेला उघडतं ते हवं. ज्या तपशिलावर कोणाचाही निर्णय अवलंबून नाही त्यावर घालवलेले तास हे ओनोंच्या यादीतल्या 'नको इतकी प्रक्रिया' या सदरात जातात.

पायरी २: निविदेत लिहून घ्या

खासगी मालक काम अर्धं झाल्यावरही ठेकेदाराला चहाला बोलावून पद्धत बदलू शकतो. सार्वजनिक कामात ती मोकळीक नाही. निविदेत नसलेली गोष्ट नंतर मागितली की ते वाढीव काम ठरतं, किंवा दुसरा बोलीदार हरकत घेतो. म्हणून ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि इथे घाई केली तर पुढची दोन वर्षं पस्तावाल.

सरकारी मालकांनी हा रस्ता आधी तुडवलेला आहे. फिनलंडच्या सिनेट प्रॉपर्टीज या सरकारी मालमत्ता संस्थेने २००७ मध्येच आपल्या प्रकल्पांत मॉडेल मागायला सुरुवात केली. ब्रिटनने २०११ मध्ये धोरण जाहीर करून केंद्र सरकारच्या कामांसाठी २०१६ ही मुदत दिली, म्हणजे बाजाराला तयारीसाठी पाच वर्षं मिळाली. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशाने सदस्य देशांना अशी साधनं मागण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली. तुमच्या संस्थेचे नियम काय मुभा देतात ते कायदा विभागाकडून आधी तपासून घ्या.

मग मसुद्यात काय घालायचं? सगळ्यात आधी, कोणत्याही सॉफ्टवेअरचं नाव घालू नका. नाव घातलं की स्पर्धा आक्रसते आणि तक्रारीला जागा होते. मॉडेल आयएफसी या खुल्या स्वरूपात मागा. २०१३ पासून ते आयएसओचं पूर्ण मानक आहे आणि वेगवेगळ्या कंपन्यांची साधनं ते वाचतात. शिवाय तीस वर्षांनी ती कंपनी असेल की नसेल, इमारत तर असणारच आहे. मूळ फाइलही सोबत मागा, पण भिस्त खुल्या फाइलवर ठेवा.

दुसरं, मॉडेल आणि सही केलेलं ड्रॉइंग यांत फरक निघाला तर काय ग्राह्य धरायचं ते एका वाक्यात लिहा. हे वाक्य नसल्यामुळे परिमाणांवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. ठेकेदाराचा माणूस मॉडेलमधले घनमीटर दाखवतो, लेखापरीक्षक ड्रॉइंगवरचे मोजतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. सुरुवातीला ड्रॉइंग ग्राह्य धरा, पण ते ड्रॉइंग मॉडेलमधूनच काढलेलं असलं पाहिजे अशी अट घाला. परिमाणं मोजण्याचे नियमही जोडा, कारण सॉफ्टवेअर दाराखिडक्यांची वजावट स्वतःच्या पद्धतीने करतं आणि तुमचं मोजमापाचं मानक दुसरंच काही सांगत असतं.

तिसरं, बोलीसोबत बीआयएम अंमलबजावणीचा आराखडा मागा आणि काम दिल्यानंतर महिन्याभरात त्याची पक्की आवृत्ती घ्या. त्यात माणसांची जबाबदारी, फाइलींची नावं, देवाणघेवाणीच्या तारखा हे सगळं हवं. मॉडेल वापरण्याचा आणि पुढच्या सल्लागाराला देण्याचा हक्क संस्थेकडे राहील हेही स्पष्ट लिहा.

चौथी अट बहुतेक निविदांतून सुटते आणि मला तीच फार मोलाची वाटते. साप्ताहिक नियोजन बैठकीला मुख्य ठेकेदारासोबत प्रत्येक उपठेकेदाराचा प्रत्यक्ष काम चालवणारा माणूस हजर राहील, हे करारात घाला. या वेळेसाठी दरपत्रकात वेगळी बाब ठेवलीत तर आणखी उत्तम. पैसे न देता मागितलेली हजेरी तिसऱ्या आठवड्यापासून गळायला लागते.

तुरुंग, न्यायालय किंवा जलशुद्धीकरण केंद्रासारख्या इमारतींचं मॉडेल उघड्यावर ठेवण्यासारखं नसतं. त्यासाठी आयएसओ १९६५० चा पाचवा भाग आहे. कोणाला काय दिसेल ते आधी ठरवून टाका.

पायरी ३: सगळ्यांचा शून्य एक करा

काम सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात आर्किटेक्ट, स्ट्रक्चर आणि सेवा (एसी, वीज, प्लंबिंग) या तिघांकडून एक छोटी फाइल मागवा. तिच्यात फक्त ग्रिडच्या रेषा, मजल्यांच्या पातळ्या आणि एका कोपऱ्यातला खांब असू द्या. तिन्ही एकत्र उघडा. तिन्ही खांब एकमेकांवर तंतोतंत बसले तर पुढे चला. आमच्या एका कामात एकाचा खांब इतका लांब जाऊन पडला होता की स्क्रीनवर शोधावा लागला, कारण त्याने सर्वेक्षणाचे सहनिर्देशांक धरले होते आणि बाकीच्यांनी इमारतीचा कोपरा शून्य मानला होता. मजल्याची पातळी फरशीच्या वरची की स्लॅबच्या वरची, एवढा एक प्रश्न विचारून बघा, तेवढ्यातही दोन उत्तरं येतात.

सामायिक माहितीसाठाही याच काळात उभा करा. त्यातली प्रत्येक फाइल चारपैकी एका अवस्थेत असते: काम चालू, इतरांना दाखवलेली, मंजूर आणि जुनी. साइटवर फक्त मंजूर अवस्थेतली फाइल जाईल. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून सळई कापायची नाही, हे फोरमनपर्यंत पोचलं पाहिजे. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते, आणि उद्या लेखापरीक्षण झालं तर हीच नोंद तुमच्या बाजूने बोलेल.

पायरी ४: क्लॅश शोधा, पण मोजत बसू नका

पहिल्यांदा तपासणी चालवली की सॉफ्टवेअर हजारो क्लॅश, म्हणजे दोन वस्तू एकाच जागेत घुसलेली ठिकाणं, दाखवतं. घाबरू नका. एक पाइप दहा जॉइस्टना (छोट्या आडव्या तुळयांना) छेदत असेल तर यादीत दहा ओळी दिसतात, पण निर्णय एकच घ्यायचा असतो. त्यामुळे आधी गट करा. एका वेळी एकच मजला घ्या, तोही साइटवर ज्या क्रमाने बांधला जाणार त्या क्रमाने.

जागा कोणी सोडायची याचा नियम आधी ठरवलात तर निम्मे वाद मिटतात. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो, तो वर-खाली वळवता येत नाही, म्हणून पहिला मान त्याचा. मग मोठे डक्ट, मग केबल ट्रे, आणि दाबाखाली चालणारे लहान पाइप शेवटी, कारण त्यांना वळण देणं सोपं असतं. बीमला हात लावायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर खोलीत हवा, ईमेलवर नव्हे.

मोकळ्या जागेचीही तपासणी लावा. व्हॉल्व्ह भिंतीला धडकत नाही म्हणून सॉफ्टवेअर खूश असतं, पण पाना फिरवायला जागा आहे का? त्या जुन्या इंजिनिअरचा हात इथे आठवायचा. विद्युत पॅनलचं दार उघडायची जागा, फिल्टर बाहेर ओढायची जागा, हे सगळं अदृश्य ठोकळ्यांच्या रूपाने मॉडेलमध्ये टाकता येतं.

शून्य क्लॅशचा हट्ट धरू नका. ओतल्यावर बदलता येत नाही ते सगळं ओतण्याआधी सुटलेलं असलं की झालं.

पायरी ५: आठवड्याचा शब्द

इथे मॉडेल आणि लीन एकत्र येतात. बॅलार्ड आणि हॉवेल यांनी बसवलेल्या पद्धतीला लास्ट प्लॅनर म्हणतात. शेवटचा नियोजनकर्ता, म्हणजे उद्या सकाळी कोण कुठे काम करणार हे प्रत्यक्ष ठरवणारा माणूस: फोरमन, मुकादम. वरून आलेलं वेळापत्रक काय *व्हायला हवं* ते सांगतं. काय *होऊ शकतं* हे या माणसाला माहीत असतं. दोन्ही जुळवून तो काय *करणार* याचा शब्द देतो.

टप्प्याची आखणी शेवटाकडून करा. समजा, तिसऱ्या मजल्याचं सीलिंग बंद करण्याची तारीख पक्की आहे. भिंतीवर मोठा कागद लावा, प्रत्येक ठेकेदाराला वेगळ्या रंगाच्या चिकट चिठ्ठ्या द्या आणि त्या तारखेपासून मागे या. सीलिंग बंद करण्याआधी काय झालेलं हवं? पाइपांची दाब चाचणी. तिच्याआधी? पाइप जोडणी. चिठ्ठी ज्याची त्याने स्वतः लिहायची आणि स्वतः उठून लावायची. प्रोजेक्ट मॅनेजरने सगळ्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या तर ती बैठक फुकट गेली समजा.

मग पुढच्या सहा आठवड्यांकडे बघा. कोस्केला यांनी काम तयार आहे असं म्हणायला सात गोष्टी सांगितल्या: आधीचं काम पूर्ण, माहिती म्हणजे ड्रॉइंग, साहित्य, माणसं, यंत्रं, जागा आणि बाहेरची परिस्थिती, उदाहरणार्थ हवामान किंवा परवाना. सहा आठवड्यांतल्या प्रत्येक कामासमोर या सातांची उजळणी करा. जे नाही ते अडथळ्यांच्या यादीत, समोर एका माणसाचं नाव आणि तारीख. 'विभाग' किंवा 'ठेकेदार' असं लिहायचं नाही, माणसाचंच नाव हवं. सार्वजनिक कामात या यादीत मंजुऱ्या भरपूर असतात, आणि सहा आठवडे आधी दिसलेली मंजुरी बहुधा वेळेत मिळते.

मॉडेल या बैठकीत स्क्रीनवर उघडं असलं पाहिजे. एका बैठकीतला प्रसंग सांगतो. प्लंबिंगच्या फोरमनला राइझरबद्दल, म्हणजे मजल्यांतून वर जाणाऱ्या उभ्या पाइपांबद्दल, विचारलं, "गुरुवारपर्यंत पूर्वेकडचे राइझर होतील ना?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, नाही होणार."

"का?"

"मॉडेल जरा फिरवा. इथं बघा, दुसऱ्या मजल्यावर स्लीव्ह दिसतंय. साइटवर ते ठेवलेलंच नाही, मी काल बघून आलोय."

ते स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यासाठी स्लॅब ओततानाच ठेवायची नळी, राहून गेल्याचं कोणालाच माहीत नव्हतं. गुरुवारी माणसं आणि पाइप येऊन बसले असते. आम्ही राइझरचं काम पुढे ढकललं, त्या टोळीला पश्चिमेकडचं तयार काम दिलं आणि कोअर कटिंगसाठी, म्हणजे ओतलेल्या स्लॅबला भोक पाडण्यासाठी, स्ट्रक्चरल इंजिनिअरची परवानगी त्याच दिवशी मागवली. फोरमनचं ते 'नाही' हे त्या बैठकीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य होतं. ज्या बैठकीत कोणी 'नाही' म्हणू शकत नाही, तिथे मिळालेल्या 'हो'ला काडीची किंमत नसते. नवख्या इंजिनिअरने आधी हे शिकावं.

पायरी ६: टक्केवारी लिहा, चाबूक करू नका

आठवड्याच्या शेवटी साधा हिशोब करा. वीस कामांचा शब्द दिला, चौदा पूर्ण झाली, म्हणजे ७० टक्के. ९० टक्के झालेलं काम शून्य धरायचं, कारण पुढच्या ठेकेदाराला त्याचा उपयोग नाही. जी सहा चुकली त्यांचं कारण एका शब्दात लिहा: साहित्य, ड्रॉइंग, आधीचं काम, माणसं. आठ-दहा आठवड्यांत एकच कारण वर येऊ लागतं आणि कुठे हात घालायचा ते कळतं.

हा आकडा दंडासाठी किंवा बिल अडवण्यासाठी वापरू नका. वरिष्ठांना तसा मोह होतो, त्यांना आधीच नीट समजावून सांगा. दंड लागला की लोक सोपी कामं कबूल करतात, आकडा ९५ वर जातो आणि इमारत जागची हलत नाही. कारणांच्या यादीत तुमच्या स्वतःच्या संस्थेचं नाव आलं तर तेही तसंच लिहा. आमच्या एका कामात पहिले दोन महिने सगळ्यात मोठं कारण 'मालकाचा निर्णय प्रलंबित' हे होतं. तो तक्ता भिंतीवर लागल्यावर निर्णय लवकर यायला लागले.

पायरी ७: हस्तांतर

बांधताना झालेले बदल त्याच आठवड्यात मॉडेलमध्ये घ्या. शेवटच्या महिन्यात आठवणीतून भरलेली माहिती कामाची नसते. सीलिंग किंवा भिंत बंद करण्याआधी फोटो काढून त्या खोलीच्या क्रमांकाशी जोडा. उपकरणांची यादी साध्या तक्त्याच्या रूपातही घ्या, कारण देखभालीच्या टेबलावर तक्ता रोज उघडला जातो आणि मॉडेल क्वचित.

ताबा घेण्याच्या महिनाभर आधी देखभालीच्या इंजिनिअरला संगणकासमोर बसवा, तुम्ही मागे उभे राहा आणि मदत करू नका. त्यांना तीन गोष्टी शोधायला सांगा: तळघरातल्या दुसऱ्या पंपाची वॉरंटी कधी संपते, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाचं पाणी कुठून बंद करायचं, आणि त्या व्हॉल्व्हपर्यंत जाण्यासाठी सीलिंगचं कोणतं पॅनल उघडायचं. मग तेच पॅनल शिडी लावून प्रत्यक्ष उघडा आणि हात घालून बघा. जे सापडलं नाही त्याची यादी ठेकेदाराला द्या आणि ती पूर्ण होईपर्यंत मॉडेलच्या टप्प्याचं देयक राखून ठेवा.